हॅलोवीनच्या मागचा गोठा: गेलिक देवांचे चार सण आणि त्यांच्या यात्रा

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा लेखी मजकूर)



मागच्या ऑक्टोबरात नातीच्या शाळेतून चिठ्ठी आली. शाळा तालुक्याच्या गावची, इंग्रजी माध्यमाची. ‘३१ तारखेला हॅलोवीन आहे. मुलांना भूत किंवा चेटकिणीच्या वेशात पाठवावे.’ सून म्हणाली, "आई, आता भुताचे कपडे कुठून शिवून आणायचे?" मला हसूही आलं आणि थोडा रागही आला. मग वाटलं, हे आहे तरी काय, ते बघू. वाचनालयातून पुस्तकं आणली, पोरांकडून मोबाइलवर शोधून घेतलं. आणि गंमत बघा, त्या भुताच्या मुखवट्यामागे मला चक्क एक गोठा सापडला! डोंगरावर चरायला गेलेल्या गाई थंडीच्या आधी घरी परत येतात, तो हा दिवस. गोठ्याच्या शेजारी एक चूल सापडली, आणि त्या चुलीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या बायका. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

ही गोष्ट आयर्लंड, स्कॉटलंड आणि त्या दोघांच्या मधल्या मॅन नावाच्या छोट्या बेटाची. युरोपच्या अगदी पश्चिमेच्या टोकाला, समुद्रात. पाऊस बारा महिने, ऊन मोजकं, गवत भरपूर. तिथली जुनी भाषा गेलिक. धन म्हणजे गाई. नवरीचं मोल गाईत, दंड गाईत, राजाची श्रीमंतीही गाईत. आयरिश भाषेत रस्त्याला जो शब्द आहे, तोसुद्धा ‘बो’ म्हणजे गाय या शब्दावरून आलेला आहे.

या लोकांचे देव पुष्कळ. ब्रिजिड ही कवितेची, औषधाची आणि लोहारकामाची देवी. लू हा सगळ्या कला येणारा देव. मॉरिगन ही रणांगणाची देवी, कावळ्याच्या रूपात येणारी. मानानान समुद्राचा. आणि कॅल्याख नावाची एक म्हातारी, जिने आपल्या ओच्यातून दगड सांडले आणि त्यांचे डोंगर झाले.

पाचव्या शतकात तिथे ख्रिस्ती धर्म आला. जुन्या पुरोहितांनी आपला धर्म लिहून ठेवलेला नव्हता, सगळं तोंडपाठ. ते पुरोहित गेले, पूजा गेली, मंत्र गेले. देवांच्या कथा जेवढ्या उरल्या, त्या पुढे ख्रिस्ती मठांतल्या साधूंनी लिहून काढल्या, त्याही आपल्या पद्धतीने कापून-जोडून. म्हणजे हजार-बाराशे वर्षं या देवांची उघड पूजा करणारं कोणी नव्हतं.

आणि आज आहेत. विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत काही माणसांनी ठरवलं, की आपल्या पूर्वजांचे देव पुन्हा पुजायचे. सोयीसाठी त्यांना आपण गेलिक देवपूजक म्हणू. संख्या मोठी नाही. २०२२ च्या स्कॉटलंडच्या जनगणनेत सुमारे १९,००० जणांनी आपला धर्म ‘पेगन’, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवांना मानणारा, असा सांगितला. त्यात नाना पंथ येतात, गेलिक देवपूजक त्यातला एक तुकडा. त्यांची देवळं नाहीत, पुजारी नाहीत. बहुतेक जण शहरातल्या छोट्या घरात एकट्यानेच सण करतात. पुष्कळ जण तर अमेरिकेत, कॅनडात राहतात. पणजोबा आयर्लंडमधून गेलेला, एवढाच धागा.

मग प्रश्न येतो, पोथी नाही, गुरू नाही, तर यांनी धर्म आणला कुठून?

त्यांच्यातले जे प्रामाणिक आहेत, ते आपल्या माहितीचे तीन ढीग करतात, जसं आपण धान्य निवडताना करतो. पहिला ढीग जुन्या हस्तलिखितांत काय आहे त्याचा. दुसरा, खेड्यापाड्यांतल्या लोकांनी अगदी काल-परवापर्यंत काय केलं त्याचा. तिसरा, मला स्वतःला ध्यानात, स्वप्नात काय जाणवलं त्याचा. तिन्ही चालतात, पण एकमेकांत मिसळायचे नाहीत. तिसऱ्या ढिगातली गोष्ट ‘ही दोन हजार वर्षांची परंपरा’ म्हणून कोणी सांगू लागलं, की बाकीचे लगेच विचारतात, कुठे आहे लिहिलेलं? मला हे फार आवडलं. देवाधर्माच्या बाबतीत ‘हे माझं मत, हे आजीचं, हे पोथीचं’ असं वेगळं करून सांगणारी माणसं आपल्याला तरी किती भेटतात?

तीन ढिगांमध्ये सगळ्यात मोठा ढीग दुसरा, आणि तो बहुतांशी बायकांचा आहे. पुरोहिताचा धर्म मोडला, पण चुलीचा, गोठ्याचा, बाळंतिणीच्या खोलीचा धर्म कोणी मोडायला गेलंच नाही. देवी ब्रिजिड जाऊन त्याच नावाची संत ब्रिजिड आली. बायकांनी लोण्याचा घास ठेवायचा तो ठेवलाच.

हा ढीग आपल्यापर्यंत कसा आला, तेही ऐका. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोककथा आयोगाने प्राथमिक शाळांतल्या मोठ्या मुलांना एक काम दिलं. घरी जा, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि वहीत लिहून आणा. सण कसा करायचे? दुधाला दृष्ट लागली तर काय करायचे? विहिरीची गोष्ट काय? सुमारे ५,००० शाळांतली ५०,००० हून जास्त मुलं या कामाला लागली. त्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत आणि कोणालाही वाचता येतात. स्कॉटलंडच्या बेटांवर त्याच्याही आधी अलेक्झांडर कार्मायकल नावाचा अबकारी खात्यातला माणूस कर गोळा करता करता म्हाताऱ्यांची गाणी-प्रार्थना टिपून घेत होता. त्याचं पुस्तक १९०० साली आलं. त्याने त्या प्रार्थनांवर आपल्या हाताने थोडी जास्तच पॉलिश केली, असं अभ्यासक म्हणतात. पण रीती खऱ्या होत्या.

त्यातली एक रीत रोजची. रात्री झोपण्याआधी घरातली बाई चुलीतले निखारे पसरायची, त्यांचे भाग करायची आणि वर राख ओढायची, म्हणजे विस्तव विझत नाही आणि सकाळी फुंकर मारली की पेटतो. हे करताना ती ओठातल्या ओठात प्रार्थना म्हणायची, ब्रिजिडचं आणि मेरीचं नाव घेऊन, की या घरावर, या माणसांवर, या गुरांवर रात्रभर पांघरूण घाल. आमच्या लहानपणी आईही रात्री निखाऱ्यावर राख ओढायची. काडेपेटी वाचवायची म्हणून. ती मनात काय म्हणायची, ते मी कधी विचारलं नाही.

आता सण बघू. मोठे सण चार, ऋतूंच्या सांध्यावरचे. आणि लक्षात ठेवा, त्यांचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो. म्हणून सण १ नोव्हेंबरचा असला, तरी सुरुवात ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी.

तो पहिला सण. लिहिताना ‘सामहेन’सारखा दिसतो, पण म्हणतात ‘साउन’. उन्हाळा संपला, गाई घरी आल्या. हिवाळ्यात पुरेल एवढीच वैरण, म्हणून जास्तीची जनावरं याच वेळी मारून मांस खारवून ठेवायचे. सुगी आत आलेली, रात्र मोठी. या रात्री या जगाची आणि पलीकडच्या जगाची दारं उघडी असतात अशी समजूत. खेड्यांत मेलेल्यांसाठी चूल पेटती ठेवायचे, दाराला कडी लावायची नाही, चुलीपाशी बसायला जागा मांडून ठेवायची. पुढे ही रीत ख्रिस्ती पंचांगातल्या मृतात्म्यांच्या दिवसाला, २ नोव्हेंबरला, जाऊन चिकटली. पोरं तोंडं रंगवून दारोदार जायची, गाणं म्हणून खाऊ मागायची. सलगम पोखरून त्यात दिवा ठेवायची. मग १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला. आयर्लंडमध्ये दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली, तितकीच देश सोडून गेली. ती सलगमाचा दिवा अमेरिकेला घेऊन गेली. तिथे भोपळा मिळाला, कोरायला सोपा. तोच भोपळा आता प्लॅस्टिकचा होऊन आपल्या तालुक्याला पोचलाय.

आजचे देवपूजक या रात्री साधं काही करतात. घरात एक ताट जास्तीचं वाढतात. आपल्या घराण्यातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून मोठ्याने घेतात. काही जण आयर्लंडमधल्या रॉसकॉमन परगण्यात राथक्रॉहन नावाच्या ठिकाणी जातात. तिथे एका शेतात एक गुहा आहे, ‘मांजरांची गुहा’. तोंड इतकं ठेंगणं, की हातापायांवर रांगत आत जावं लागतं, अंगभर चिखल. दाराच्या वरच्या दगडावर फार जुन्या लिपीत एक नाव कोरलेलं आहे. साउनच्या रात्री मॉरिगन आणि तिच्याबरोबर नाना भयंकर प्राणी इथून बाहेर पडतात, असं जुन्या कथा सांगतात. आत गेल्यावर दिवे विझवून लोक काही वेळ गप्प बसतात, आणि परत येतात. एवढीच यात्रा.

दुसरा सण १ फेब्रुवारीचा, इंबोल्क. हा ब्रिजिडचा, आणि माझ्या मते चौघांमधला सगळ्यात आपल्या बायकांचा. मेंढ्यांना पान्हा फुटतो, हिवाळ्यात आटलेलं दूध परत घरात येतं, तो हा काळ. आदल्या संध्याकाळी घरातली एक मुलगी ओल्या जागेतलं लव्हाळ्यासारखं गवत उपटून आणते. कापायचं नाही, हाताने उपटायचं. ती दाराबाहेर उभी राहून हाक देते, की ब्रिजिड आली आहे, आत घ्या. आतले सगळे म्हणतात, ये, शंभरदा ये. मग त्या गवताचे चार हातांचे क्रॉस विणतात. एक दारावर, एक गोठ्यात. वर्षभर आगीपासून आणि रोगापासून राखण. त्या दिवशी चाक फिरवायचं नाही, म्हणजे सूतकताईला सुट्टी. देवीने बायकांना दिलेली रजाच म्हणा ना!

आणखी एक रीत आहे, ‘ब्रिजिडचं वस्त्र’. रात्री एक कापड बाहेर कुंपणावर टाकून ठेवायचं. देवी जाता जाता त्याला हात लावते, दव पडतं, सकाळी ते घडी करून ठेवायचं. डोकं दुखलं, डोक्याला बांधा. गाय अडली, तिच्या पाठीवर घाला. बाईला कळा सुरू झाल्या, तिच्या अंगावर घाला. कारण ब्रिजिड ही सुईणींची सोबतीण. स्कॉटलंडच्या बेटांवर बाळंतपणाच्या वेळी सुईण उंबऱ्यावर उभी राहून तिला हाक मारायची, ये, हिची सुटका कर. डॉक्टर नव्हता, रस्ता नव्हता, समुद्राच्या मधोमध बेट. हाक मारायला दुसरं होतं कोण?

आयर्लंडमध्ये किल्डेअर नावाचं गाव आहे, ब्रिजिडचं मुख्य ठिकाण. बाराव्या शतकात जेराल्ड नावाचा एक धर्मोपदेशक तिथे गेला होता. त्याने लिहून ठेवलंय, की तिथे कधीही न विझणारा विस्तव होता. एकोणीस जोगिणी आळीपाळीने एकेक रात्र तो राखायच्या. विसाव्या रात्री लाकडं ठेवून म्हणायच्या, ब्रिजिड, आजची पाळी तुझी. सकाळी विस्तव पेटलेलाच असायचा. त्याच्याभोवती कुंपण होतं आणि पुरुषाला आत पाऊल टाकायची मनाई. पुढे तो विस्तव बंद पडला. १९९३ साली ब्रिजिडच्या नावाने चालणाऱ्या संघातल्या ख्रिस्ती जोगिणींनी किल्डेअरमध्ये तो पुन्हा पेटवला.

आता इथे खरा पेच आहे. जोगिणींची ब्रिजिड ख्रिस्ती संत. देवपूजकांची ब्रिजिड देवी. साधारण इसवी सन ९०० च्या एका शब्दकोशात साधूंनीच लिहून ठेवलंय, की ब्रिजिड नावाची देवी होती आणि तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी होत्या, एक औषधाची, एक लोहारकामाची. मग संत ही देवीच का, की दोघी वेगळ्या? अभ्यासक अजून भांडताहेत. पण किल्डेअरच्या झऱ्यावर फेब्रुवारीत गेलात, तर दोन्ही प्रकारच्या बायका शेजारी शेजारी उभ्या दिसतील. एक जपमाळ ओढतेय, दुसरी दुधाची धार सोडतेय. झरा तोच.

आणि देवपूजक बायकांनी त्या विसाव्या रात्रीचं काय केलं, ते मला फार भावलं. त्यांनी गट केले. गटात एकोणीस जणी. एक स्कॉटलंडमध्ये, एक कॅनडात, एक ऑस्ट्रेलियात. आपल्या भिशीसारखी पाळी लागते. ज्या दिवशी जिची पाळी, तिने सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत आपल्या घरी दिवा राखायचा. विसावा दिवस कोणाचाच नाही, तो ब्रिजिडचा. या बायका एकमेकींना कधी भेटतही नाहीत. पण आपला दिवा विझवताना प्रत्येकीला माहीत असतं, की दुसरीने तो लावला असेल.

आयर्लंडमध्ये बाकीच्या तिन्ही सणांच्या सुमाराला सरकारी सुट्टी होती, ब्रिजिडच्या सणालाच नव्हती. बायकांनी मोहीम चालवली आणि २०२३ पासून ती सुट्टी मिळाली. एका बाईच्या नावाची त्या देशातली ही पहिली राष्ट्रीय सुट्टी.

तिसरा सण १ मेचा, ब्याल्टना. गाई डोंगरावर निघाल्या. दोन मोठ्या जाळांच्या मधून कळप हाकायचा, म्हणजे वर्षभर रोगराई नको. हे त्याच जुन्या शब्दकोशात आहे, म्हणजे पहिल्या ढिगातलं. गाईंबरोबर वर जायच्या त्या मुली आणि तरुण बायका. दगड-मातीच्या झोपड्यांत उन्हाळाभर राहायचं, धारा काढायच्या, घुसळायचं, लोणी साठवायचं. काही भागात हे विसाव्या शतकापर्यंत चालू होतं. वर्षाचं भाडं त्या लोण्यावर निघायचं.

म्हणूनच लोण्याची भीती. मे महिन्याच्या पहिल्या सकाळी घरातून विस्तव, दूध, मीठ कोणाला द्यायचं नाही. दिलं, तर आपलं लोणी त्या घरी जातं. आणि संशय कोणावर? गावातल्या एकट्या म्हातारीवर. इथे मला थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आजीच्या ढिगातलं सगळंच काही सोनं नव्हे.

१८९५ च्या मार्चमध्ये टिपरेरी परगण्यातल्या एका खेड्यात ब्रिजेट क्लिअरी नावाची बाई मारली गेली. तिशीच्या आतली. शिवणकाम करायची, घरी शिलाई मशीन होतं, कोंबड्या पाळून अंडी विकायची. स्वतःच्या कमाईची, टापटिपीची बाई. ती आजारी पडली. नवऱ्याच्या डोक्यात बसलं, की ही माझी बायको नव्हेच, परीलोकातल्यांनी बायको पळवली आणि तिच्या जागी दुसरी ठेवली. जाणत्याकडून पाला आणला, जबरदस्तीने पाजला, नातेवाइकांनी हातपाय धरले. शेवटी नवऱ्याने तिला जाळलं. मग रात्री टेकडीपाशी वाट बघत राहिला, की खरी बायको पांढऱ्या घोड्यावरून येईल. त्याला मनुष्यवधाची शिक्षा झाली. आपल्याकडे २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या मागेही अशाच बायकांच्या कहाण्या आहेत, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आजचे विचारी देवपूजक ही बाजू झाकत नाहीत. गवताचा क्रॉस घेऊ, दिवा घेऊ, पण शेजारणीवरचा संशय घेणार नाही, आजाऱ्याला दवाखान्यातच नेऊ, असं ते स्पष्ट म्हणतात. जुनं पुन्हा सुरू करायचं, तर निवडून करायचं. मला वाटतं, ज्यांची परंपरा मध्ये तुटली, त्यांना ही निवड करणं सोपं जातं. ज्यांची तुटली नाही, त्यांना अवघड.

चौथा सण १ ऑगस्टच्या सुमाराचा, लूनसा. याची कथा ऐका. टाल्टू नावाची राणी होती, लू देवाची पालक आई. लोकांना पिकवायला जमीन नव्हती. तिने एक अख्खं जंगल तोडून माळ मोकळा केला, शेतीजोगा केला. आणि त्या कष्टाने छाती फुटून ती मेली. मरताना म्हणाली, माझ्यासाठी शोक करायचा तर जत्रा भरवा, खेळ खेळा. म्हणून लू तिच्या नावाने दरवर्षी जत्रा भरवू लागला. जमीन वाहितीला आणणारी बाई मेली, तिच्या श्राद्धाचा हा सुगीचा सण. सातबारावर तिचं नाव नसेल, पण मीथ परगण्यातल्या त्या जागेला आजही तिच्या नावावरून ‘टेलटाउन’ म्हणतात.

लूनसाच्या आधीचा महिना उपासमारीचा. जुनं धान्य संपलेलं, नवं यायचं. तरी वेळेआधी बटाटा उकरणं लाजिरवाणं मानायचे. मग जुलैच्या शेवटच्या रविवारी पहिला बटाटा काढायचा, पोटभर जेवायचं आणि डोंगरावर जायचं. पोरी करवंदाएवढी निळी-काळी रानफळं वेचत, पोरं मागे. लग्नं जुळायची.

मॉयरा मॅकनील नावाच्या विदुषीने अशा जवळपास दोनशे ठिकाणांची माहिती गोळा केली आणि १९६२ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण क्रो पॅट्रिक, ७६४ मीटर उंचीचा सुळका, समुद्राच्या काठावर. आज ती संत पॅट्रिकची यात्रा आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक चढतात, काही अनवाणी. शेवटचा चढ सुट्या, धारदार दगडांचा. वाटेवरच्या दगडांच्या ढिगाभोवती सात फेऱ्या, सूर्याच्या दिशेने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारख्याच उजव्या. मॅकनीलबाईंचं म्हणणं, ही वाट पॅट्रिकच्या आधीची, लूनसाची. म्हणून देवपूजकही चढतात, गर्दीत, कोणाला न सांगता. प्रदक्षिणा ऐकून कोणी लगेच म्हणेल, बघा, हे आपल्याकडूनच गेलं. तेवढी घाई करू नका. जिथे पोट गाईवर, पावसावर आणि विस्तवावर अवलंबून, तिथे माणसं सूर्याबरोबरच फिरतात.

पण यात्रा म्हटली की पाऊल पडतं, आणि पावलाने जमीन झिजते. क्रो पॅट्रिकची वाट इतकी खचली, की दगड रचून ती पुन्हा बांधावी लागली. आणि झऱ्यांचं दुखणं तर निराळंच. स्कॉटलंडमध्ये इनव्हरनेसच्या उत्तरेला मनलॉकी गावाजवळ रानात एक झरा आहे. दुखणं असेल, तर चिंधी त्या पाण्यात भिजवायची, दुखरी जागा पुसायची, झऱ्याभोवती सूर्याच्या दिशेने फिरायचं आणि चिंधी झाडाला बांधायची. चिंधी कुजत जाईल, तसं दुखणं कमी होत जाईल. जुनी चिंधी असायची लोकरीची नाहीतर तागाची. आता तिथे नायलॉनचे मोजे, पॉलिएस्टरचे सदरे, बाहुल्या, प्लॅस्टिकच्या माळा लटकतात. झाडांचे गळे आवळले गेलेत. अहो, नायलॉन कुजतच नाही, मग दुखणं जाणार कसं? यात्रेकरूंनाच त्यातला अर्थ विसरायला झाला. म्हणून जाणते देवपूजक आता जाताना सोबत पिशवी नेतात, आणि देवाला वाहायचं ते दुधाचा घोट, ओटच्या रोटाचा तुकडा, एवढंच. नाहीतर काहीच नाही. झऱ्याकाठचा कचरा वेचणं हीच पूजा, असं त्यांच्यातल्या कितीतरी जणी मानतात.

आता शेवटची जागा. माझ्या मनातून ती जात नाही. स्कॉटलंडच्या मध्यभागी ग्लेन लायन नावाची लांब दरी आहे. तिच्या टोकाला, गाडीरस्ता संपल्यावर कितीतरी चाललं की एका ओढ्याकाठी गुडघाभर उंचीचं दगडाचं घर दिसतं, वर गवताचं छप्पर. आत एक कुटुंब राहतं. पाण्याने गुळगुळीत झालेले दगड, मध्ये बारीक, वरखाली जाड. सगळ्यात मोठी ती म्हातारी, कॅल्याख. मग म्हातारा, मग मुलगी, आणि बारकी पोरं. कथा अशी, की एका बर्फाच्या वादळात एक जोडपं दरीत आलं. बाई गरोदर होती. गावकऱ्यांनी त्यांना निवारा दिला, तिथे ती बाळंत झाली. जाताना तिने आशीर्वाद दिला, की जोवर या घराची निगा राखाल, तोवर इथलं गवत हिरवं आणि गुरं धष्टपुष्ट राहतील.

म्हणून दरवर्षी १ मेला, ब्याल्टनाला, ते दगड बाहेर काढून दाराशी उन्हात मांडतात, दरीकडे तोंड करून. आणि साउनला आत नेऊन, दार दगडांनी लावून, फटी शेवाळाने बुजवतात, थंडी लागू नये म्हणून. हे काम कुठल्या पुजाऱ्याने केलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते दरीतल्या मेंढपाळांनी आणि रानराख्यांनी केलं. कोणी धर्म म्हणून केलं की सवय म्हणून, ते त्यांचं त्यांना ठाऊक. देवपूजक आता पायी तिथे जातात, पण दगडांना हात लावत नाहीत. ज्याचं काम त्यानेच करायचं. ते नुसते ओढ्याचं पाणी पितात, थोडा वेळ बसतात आणि उतरतात.

नातीला यातलं जेवढं कळेल तेवढं सांगितलं. तिने भुताचा मुखवटा घातलाच, मैत्रिणी घालणार होत्या ना! पण ३१ तारखेच्या रात्री अंथरुणात शिरल्यावर तिने विचारलं, "आजी, आज त्या दगडाच्या म्हातारीला आत नेलं असेल ना?"

म्हटलं, "नेलं असेल. गाई आल्या असतील, आता दार लावून घेतील."